जायचं की थांबायचं, हे ठरवायचं कोणी?

प्रवासाला निघायचं म्हटलं की बाईला आधी हिशेब मांडावा लागतो. पैशांचा नव्हे, माणसांचा. सासूबाईंच्या गोळ्या कोण देईल? धाकट्याची परीक्षा कधी आहे? सिलेंडर मधेच संपलं तर? कामवालीला कोण सांगणार? एवढं सगळं जुळलं की मग तिकिटाचा विषय. कोरोनाच्या काळात या हिशेबात आणखी एक रकाना वाढला. ‘आपण गेलो आणि काही झालं तर?’ त्या एका रकान्यात आमच्या भिशीची बोटीची सहल चांगली अडकून पडली.

आता ते दिवस मागे पडले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मास्क कपाटाच्या खणात गेले. तरीही त्या काळात आम्ही बायकांनी जो खल केला, तो आज मांडावासा वाटतो. कारण अनिश्चितता काही कोरोनाबरोबर आली नव्हती आणि त्याच्याबरोबर गेलीही नाही. कधी आजारपण, कधी अतिवृष्टी, कधी नोकरीचं झेंगट. पहिल्यांदाच काही मोठं, स्वतःसाठी करायचं ठरवलं की हा रकाना पुढे येतोच.

आम्ही खान्देशातली माणसं. आमचं नातं तापीशी, गिरणेशी, पांझरेशी. समुद्र म्हणजे मुंबईला नातेवाइकांकडे लग्नाला गेलं तर चौपाटीवर तासभर. पाय ओले करायचे, भेळ खायची आणि रात्रीच्या गाडीने परत. आमच्या अकरा जणींच्या भिशीत नऊ जळगावच्या, दोन धुळ्याच्या. त्यातल्या चौघींनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून जलेश कंपनीची ‘कर्णिका’ नावाची बोट सुरू झाली. पेपरात फोटो आला आणि आमच्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने तो कापून पर्समध्ये ठेवला. पुढच्या भिशीला तिने तो सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. ‘बस, रेल्वे, एसटी सगळं झालं. आता हे.’ एवढंच बोलली. त्या महिन्यापासून भिशीशिवाय माणशी पाचशे रुपये वेगळे काढायला सुरुवात झाली.

मग २०२० चा फेब्रुवारी आला. टीव्हीवर रोज एकच बोट दिसायला लागली, जपानच्या योकोहामा बंदरातली ‘डायमंड प्रिन्सेस’. बोटीवर ३,७११ माणसं होती, त्यातल्या ७१२ जणांना लागण झाली. माणसं खोल्यांत कोंडलेली आणि जेवणाचे ट्रे दारापर्यंत येताहेत. ते ट्रे कोण आणत होतं? बोटीवरचे कर्मचारी. त्या बोटीवर भारतीय होते १३८. त्यातले प्रवासी फक्त ६ आणि नोकरीला असलेले १३२. हा आकडा माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आपली माणसं तिथे मौज करायला नव्हती, पोटासाठी होती. प्रवाशाला खोलीत बसून राहता येत होतं, त्यांना नव्हतं.

बोटीवर एवढा प्रसार का झाला, हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. ज्या बाईने मंगल कार्यालयात तीन दिवसांचं लग्न काढलंय तिला ते लगेच कळेल. बंद खोल्या, अरुंद बोळ, एकाच ठिकाणी जेवणं, तेच डाव हाताळणारे शंभर हात, आणि मुक्काम तिथेच. फरक एवढाच की कार्यालयातून रिक्षा करून घरी जाता येतं. बोटीवरून उतरायला बंदराची परवानगी लागते.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि आमचे पाचशे रुपयेही काही महिने थांबले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जलेश कंपनी बंद झाली आणि कर्णिका गुजरातेत अलंगला भंगारात गेली. आम्ही अजून बुकिंग केलेलं नव्हतं, म्हणून पैसे शाबूत राहिले. ओळखीतल्या एका कुटुंबाने मात्र दुसऱ्याच एका सहलीसाठी एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे चाळीस हजार भरले होते. त्याचं शटर खाली गेलं ते गेलंच. त्या पैशात घरातल्या सुनेची शिवणकामाची कमाई होती. नवऱ्याने ‘जाऊ दे, नशीब’ म्हटलं. नशीब म्हणणं सोपं असतं, कारण मशीनवर तो बसला नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आमची ती अंगणवाडी सेविका गेली. ऑक्सिजनसाठी धावाधाव, रेमडेसिवीरच्या चिठ्ठ्या, हे सगळं जळगाव-धुळ्यात घरोघरी झालंय, पुन्हा सांगत नाही. फोटोचं कात्रण तिच्या पर्समध्येच राहिलं.

पाच महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०२१ ला, मुंबईहून कॉर्डेलियाची बोट सुरू झाली. रेल्वेच्या आयआरसीटीसीवरही तिचं बुकिंग होतं. ऑक्टोबरात देशात लसीचे शंभर कोटी डोस पूर्ण झाले. दिवाळीला बाजार फुलले. आणि आमच्या भिशीत दोन तट पडले.

एक तट म्हणे, ‘बघा, ती गेली. उद्याचा काय भरवसा? आता जाऊच.’ दुसरा म्हणे, ‘बघा, ती गेली. अजून शहाणपण येत नाही का तुम्हाला?’ गंमत पाहा, दोघींचा पुरावा एकच. गेलेली मैत्रीण. मला दोन्ही बोलणी खटकली. तिच्या जाण्यातून ना ‘लगेच जा’ निघतं, ना ‘कधीच जाऊ नका’. दुःखाच्या भरात घेतलेला निर्णय आणि भीतीच्या भरात घेतलेला निर्णय, दोन्ही आपले नसतात. ते त्या दुःखाचे आणि त्या भीतीचे असतात.

म्हणून आम्ही एक केलं. एका रविवारी दुपारी वही घेऊन बसलो आणि प्रश्न लिहून काढले. बचत गटाच्या कर्जाचे अर्ज तपासताना जसे प्रश्न लिहितो, तसेच.

पहिला प्रश्न : हे पैसे बुडाले तर चालतील का? दोन रात्रींची सहल, माणशी वीस-बावीस हजारांचा अंदाज. वर बंदराचे शुल्क, कर, टिप, मुंबईपर्यंतचं जाणं-येणं वेगळं. एकीने स्पष्ट सांगितलं, ‘माझे बुडाले तर मुलीच्या फीला हात लागेल.’ मग तिच्यासाठी उत्तर ‘नाही’ हेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, पण अनिश्चित दिवसांत अंथरूण कोणी ओढून नेलं तर काय, हेही बघावं लागतं.

दुसरा : जहाजच रद्द झालं तर काय, आणि आपण रद्द केलं तर काय? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बहुतेक बायका एकच समजतात. जिथे चौकशी केली त्या एजंटाने ‘टेन्शन नका घेऊ ताई, सगळं होऊन जातं’ असं सांगितलं. आम्ही म्हटलं, हेच कागदावर द्या. त्याच्या पावतीमागे बारीक अक्षरात होतं : पैसे परत मिळणार नाहीत, तारीख एकदाच बदलून मिळेल. तोंडी ‘होऊन जातं’ आणि कागदावर ‘मिळणार नाहीत’. यातलं खरं कोणतं, ते सांगायला नको.

तिसरा : आपल्यातल्या एकीचाच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? त्या वेळी बोटीवर चढण्याआधी आरटीपीसीआर लागत होती आणि लसीचे डोस पूर्ण हवे होते. आमच्या धुळ्याच्या मैत्रिणीचा पहिला डोसच ऑक्टोबरात झालेला. कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचं अंतर, म्हणजे दुसरा थेट जानेवारीत. शिवाय केबिन दोघींत एक. एक गळाली तर दुसरीने एकटीचं जादा भाडं भरायचं की परत फिरायचं?

चौथा : घरी परत आल्यावर कोणाजवळ जाणार आहोत? तिघींच्या घरी ऐंशीच्या पुढची माणसं. एकीच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू. आपण धडधाकट आहोत म्हणून धोका पत्करायचा आणि त्याची किंमत पलंगावरच्या माणसाने मोजायची, हे आम्हाला पटेना.

पाचवा : आज नाही म्हटलं, तर पैसे कुठे जातील? हा प्रश्न सगळ्यात शेवटी आला आणि सगळ्यात अवघड निघाला. त्याच्याकडे पुढे येते.

आमच्या वहीत ‘थांबा’चं पारडं जड झालं. डिसेंबरच्या सुरुवातीला ओमायक्रॉनचा महाराष्ट्रातला पहिला रुग्ण डोंबिवलीत सापडला आणि विषय तिथेच मिटला. पुढे जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बातमी आली. मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलियाच्या बोटीवर सुमारे दोन हजार प्रवासी आणि कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. प्रवाशांना गोव्यात उतरू दिलं नाही, बोट मुंबईला परत आली आणि पुन्हा केलेल्या तपासणीत आणखी रुग्ण सापडले. नवीन वर्षाच्या सहलीला गेलेली माणसं, डोस घेऊन, रिपोर्ट काढून गेलेली.

आता इथे ‘बघा, आम्ही म्हटलंच होतं’ असं म्हणायचा मोह होतो. आमच्यातल्या दोघींना झालाही. पण मैत्रिणींनो, ते खरं नाही. ती बोट सुखरूप परतली असती, तरी आमचा निर्णय बरोबरच होता. कारण तो बातमीवर उभा नव्हता. एकीची फी, एकीचा डोस, एकीच्या घरचं डायलिसिस आणि पावतीमागची ओळ यांवर तो उभा होता. आपण निर्णयाची परीक्षा निकालावरून करतो. पोरगं पास झालं की आपलं चुकलं नाही, नापास झालं की आईचंच चुकलं! पण निर्णय घेताना हातात जे होतं ते नीट पाहिलं का, एवढंच बाईने स्वतःला विचारावं. पुढचं कोणाच्या हातात असतं?

आणि त्या सहलीला गेलेल्यांनाही नावं ठेवू नयेत. त्यांनी नियम पाळले होते. त्यांच्या घरची गणितं आपल्याला माहीत नाहीत.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येते. त्या दिवसांत आमच्या बेताची कुणकुण लागली, तेव्हा घराघरांतून जे बोलणं निघालं ते ऐकण्यासारखं होतं. एकीच्या मावससासूने फोन करून विचारलं, ‘कसाले जास व माय तठे?’ त्या म्हातारीचं मला काही वाटत नाही, तिच्या पोटात माया होती. पण ज्या घरातले दीर आणि त्यांचे मित्र त्याच नोव्हेंबरात दोन गाड्या करून गोव्याला जाऊन आले, त्या घरातही ‘बायकांना या दिवसांत काय सुचतंय’ असं बोललं गेलं. ज्यांनी तुळशीच्या लग्नानंतर कार्यालय भरून पंगती उठवल्या, त्यांनी आम्हाला गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलं. तीच गर्दी, तोच विषाणू. पुरुष गेला की कामाचा ताण घालवायला, बाई गेली की बेजबाबदार. काळजीचा सूर आणि परवानगीचा सूर बाहेरून सारखाच ऐकू येतो. बाईने तो ओळखायला शिकलं पाहिजे. काळजी करणारा विचारतो, ‘तिकडे औषधाची सोय काय?’ परवानगी देणारा विचारतो, ‘कोणाला विचारून ठरवलं?’

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : थांबायचं असेल तर खुशाल थांबावं, पण ते थांबणं आपण ठरवलेलं असावं. आमच्या वहीतलं ‘नाही’ आम्ही अकराजणींत, म्हणजे आता दहाजणींत, हिशेब करून लिहिलं होतं. कोणी लादलेलं नव्हतं.

आता तो पाचवा प्रश्न. सहल रद्द झाली की पुरुषाचे पैसे त्याच्याच खात्यात राहतात. बाईचे पैसे मात्र ‘मोकळे’ होतात. घरात कुणकुण लागते, की हिच्याकडे पंधरा हजार आहेत. मग फ्रीज जुना दिसायला लागतो, पुतणीच्या लग्नाचा आहेर निघतो, मोटरसायकलचा हप्ता तुंबतो. कोणी हिसकावत नाही हो, आपणच देतो. ‘जाऊ दे, सहल काय पुढच्या वर्षी.’ लांबणीवर टाकणं आणि रद्द करणं यांत फरक आहे, आणि तो फरक पैसे कुठे ठेवले यावर ठरतो. आम्ही त्याच आठवड्यात पोस्टात प्रत्येकीच्या स्वतःच्या नावे आवर्तक ठेव, म्हणजे आरडी, उघडली. तारीख पुढे गेली, पण बेत मोडला नाही.

या सगळ्या काळात एक गोष्ट ठळक शिकायला मिळाली. आपण बायका भाजी घेताना मेथीची जुडी उलगडून बघतो, सोनं घेताना हॉलमार्क बघतो, पण सहलीची पावती न वाचता घडी घालून देव्हाऱ्यात ठेवतो. लॉकडाऊनमध्ये रद्द झालेल्या विमानतिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला. लॉकडाऊनच्या काळात काढलेल्या तिकिटांचे पैसे परत करायचे, आधी काढलेल्यांचे परत करता येत नसतील तर प्रवाशाच्या नावे जमा ठेवायचे आणि ते दुसऱ्याला देताही यावेत, असं त्यात होतं. पण तो निकाल विमानतिकिटांपुरता होता. सहली, हॉटेलं, बोटी यांचं ज्याच्या त्याच्या पावतीवर. म्हणून पावती वाचणं हे वकिलाचं काम नाही, आपलं आहे.

आणि फसवणूक झालीच तर ‘नशीब’ म्हणून गप्प बसू नका. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी, की कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. जळगावच्या बाईने जळगावात, धुळ्याच्या बाईने धुळ्यात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील हवाच असंही नाही. मात्र दोन वर्षांच्या आत करावी आणि पावती, मेसेज, भरणा केल्याचा पुरावा जपून ठेवावा. आधी नुसतं विचारायचं असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. विम्याचंही तसंच. ‘मला भीती वाटली म्हणून मी गेले नाही’ याचे पैसे साधारणपणे विमा देत नाही, हे घेण्याआधीच समजून घ्यावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्यातल्या आठ जणी मुंबईहून बोटीने गेल्या. एकीचे गुडघे, एकीच्या लेकीचं बाळंतपण, म्हणून दोघी राहिल्या. सहलीचं वर्णन मी इथे करत नाही. एवढंच सांगते, की बॅलार्ड पिअरवर बॅगा तपासायच्या रांगेत आमच्या डब्यांतल्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल बरीच चर्चा झाली. आणि पहाटे पाचला डेकवर आठही जणी जाग्या होत्या, कारण घरी त्याच वेळेला उठायची सवय.

गेलेल्या मैत्रिणीचा वाटा आम्ही तिच्या मुलीला दिला. येतेस का, म्हणून आधी विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मावशी, पैसेच द्या’, आणि तिने ते नर्सिंगच्या फीला भरले. ‘तिच्या आईला हे बोटीपेक्षा जास्त आवडलं असतं’ असं कोणीतरी म्हणालं. मी मान हलवली नाही. मुलीने केलं ते उत्तमच केलं. पण आईला बोट हवी होती. बाईच्या इच्छेच्या जागी दुसरं काहीतरी चांगलं ठेवून ‘हेच तिला हवं होतं’ असं म्हणायची आपल्याला फार सवय आहे. निदान तिच्यामागे तरी ते करू नये.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही मनात असं काही पहिल्यांदाच करायचं असेल, बोट असो, विमान असो की नुसतं कन्याकुमारी असो, तर काळ पूर्ण निर्धास्त व्हायची वाट पाहू नका. तसा काळ येत नसतो. आणि ‘होऊन जातं’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर उडीही मारू नका. वही घ्या, प्रश्न लिहा, पावती वाचा. उत्तर ‘जा’ आलं तर जा. ‘थांब’ आलं तर थांबा, पण थांबताना दोन गोष्टी सोडू नका : स्वतःच्या नावाचं पासबुक आणि पुढची तारीख.